घरून काम आणि शालेय पाल्यांचे संगोपन : वेळ, जागा आणि जबाबदारी यांचे एक विवेचन

गोषवारा

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे कार्यालयाबाहेर, विशेषतः घरातून काम करण्याची पद्धती आपल्या समाजात रुजली आहे. २०२० च्या महामारीने तिला अकस्मात व्यापक रूप दिले आणि पुढे अनेक क्षेत्रांत ती कमी-अधिक प्रमाणात टिकून राहिली. घरून काम करणारा पालक मुलाजवळ असतो, म्हणून संगोपनाचा प्रश्न आपोआप सुटतो, असा एक सार्वत्रिक समज आढळतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहिला आहे. शाळेचे तास व नोकरीचे तास यांतील तफावत, शालेय वयातील मुलांच्या गरजा, कामाची घरात विरघळलेली सीमा, स्त्री-पुरुषांमधील श्रमविभागणी, घरातील जागा आणि कायदेशीर तरतुदी या सहा अंगांनी प्रश्नाचे विवेचन करून काही उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : दूरस्थ कार्य, घरून काम, शालेय पाल्य, संगोपन, वेळेचा वापर, श्रमविभागणी.

१. प्रस्तावना

राहण्याची जागा आणि कामाची जागा या दोन वेगळ्या असतात, ही कल्पना मानवी इतिहासात तशी अलीकडची आहे. विणकराचा माग घराच्या पडवीत असे, कुंभाराचे चाक अंगणात फिरे. मुले त्या परिसरातच वाढत आणि पाहता पाहता काम शिकत. औद्योगिक क्रांतीने ही रचना मोडली. गिरणी, कचेरी आणि शाळा या तीन संस्थांनी घरातील माणसांचा दिवस आपापसांत वाटून घेतला. मुंबईच्या गिरणगावातील भोंगा हा केवळ कामावर हजर होण्याचा इशारा नव्हता. घर येथे संपते आणि काम येथे सुरू होते, अशी ती रेषाच होती.

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि ही रेषा एका रात्रीत पुसली गेली. महाराष्ट्रातील शाळा त्यापूर्वीच, मार्चच्या मध्यापासून बंद होऊ लागल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील शाळा काही इयत्तांसाठी पुन्हा उघडल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. सुमारे दोन वर्षांच्या या काळात कचेरी आणि शाळा या दोन्ही संस्था घराच्या चार भिंतींत येऊन बसल्या.

अध्यापकवर्गाला हा अनुभव परका नाही. एकाच भ्रमणध्वनीवर सकाळी आठला स्वतःची तासिका घ्यावयाची आणि साडेनऊला तोच भ्रमणध्वनी चौथीतल्या मुलाच्या हाती द्यावयाचा, असा क्रम असंख्य घरांत चालू होता. आपला तास चालू असताना दाराशी येऊन उभे राहिलेले मूल आणि त्याला केलेली हाताची खूण आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. तो काळ सरला, शाळा पूर्ववत झाल्या. मात्र घरून काम करण्याची पद्धती पूर्णपणे मागे हटली नाही. माहिती तंत्रज्ञान, वित्तीय सेवा, लेखांकन, भाषांतर, ऑनलाईन शिकवणी अशा क्षेत्रांत ती मिश्र स्वरूपात टिकून आहे. त्यामुळे आपत्कालीन सोय म्हणून नव्हे, तर जीवनपद्धती म्हणून तिचा विचार करणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) दूरस्थ कार्याची संकल्पना व तिचे प्रकार स्पष्ट करणे.
२) शालेय वेळापत्रक व नोकरीचे वेळापत्रक यांतील तफावतीचे स्वरूप समजून घेणे.
३) घरून काम करणाऱ्या पालकांवरील, विशेषतः मातांवरील, भाराचा विचार करणे.
४) पालक, नियोक्ते व शाळा यांच्या पातळीवर शक्य असलेले उपाय सुचविणे.

लेखासाठी शासकीय सर्वेक्षणे, अधिनियम व समाजशास्त्रीय लेखन या द्वितीयक साधनांचा आधार घेतला असून विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे.

३. दूरस्थ कार्य : संकल्पना आणि प्रकार

अमेरिकन संशोधक जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ ही संज्ञा रूढ केली. कर्मचाऱ्याने कामाकडे प्रवास करण्याऐवजी कामानेच दूरसंचाराच्या मार्गे कर्मचाऱ्याकडे प्रवास करावा, अशी त्यामागील कल्पना होती. तेलटंचाई आणि शहरांतील वाहतुकीची कोंडी हे तिचे तत्कालीन संदर्भ होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या संकल्पनेचा जन्म इंधन व रस्ते यांच्या चिंतेतून झाला, मुलांच्या चिंतेतून नव्हे. संगोपनाची सोय हा तिला नंतर चिकटलेला अर्थ आहे.

आज आपल्याकडे दूरस्थ कार्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला, पूर्णवेळ घरून काम. दुसरा, आठवड्यातील काही दिवस कार्यालयात व काही दिवस घरी, अशी मिश्र पद्धती. तिसरा प्रकार सहसा या नावाने ओळखला जात नाही. दिवसभर कार्यालयात काम करून उरलेले काम घरी नेणे, हा तो प्रकार होय. प्रश्नपत्रिका तयार करणे, उत्तरपत्रिका तपासणे, नॅकच्या अहवालासाठी रात्री माहिती भरणे, ही महाविद्यालयीन अध्यापकांची कामे याच प्रकारात मोडतात. त्यामुळे हा विषय केवळ हिंजवडीतील संगणक अभियंत्यांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला घरातून अर्थार्जन करण्याची जुनी परंपराही आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जाऊ भांडवलावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग सर्वपरिचित आहे. केंद्रावरून पीठ न्यावयाचे, घरी पापड लाटावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ते आणून द्यावयाचे, ही त्याची कार्यपद्धती होय. सोलापूर व सिन्नर परिसरातील विडी वळणाऱ्या स्त्रिया, तसेच गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झालेल्या स्त्रिया, यांनीही स्वतःच्या घरालाच कामाचे ठिकाण बनविले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहाधारित कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

जुन्या व नव्या पद्धतींत मात्र एक मूलभूत भेद आहे. पापड लाटणारी स्त्री मूल रडू लागल्यास लाटणे बाजूला ठेवू शकते, कारण तिचे काम नगावर मोजले जाते. संगणकासमोरील बैठकीत बसलेली स्त्री उठू शकत नाही, कारण तिचे काम तिच्या उपस्थितीवर मोजले जाते. दोघीही घरीच असतात. परंतु पहिली मुलाला उपलब्ध असते, तर दुसरी केवळ त्याच्या सान्निध्यात असते. सान्निध्य आणि उपलब्धता यांतील हा भेद पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

४. वेळेचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी शैक्षणिक वर्षात किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १,००० तास निश्चित केले आहेत. नोकरदार पालकाचे वर्षातील कामाचे दिवस, रजा व सुट्ट्या वगळून, २३० आणि दररोजचे तास ८ मानले, तर वर्षाचे १,८४० तास होतात. म्हणजे प्राथमिक वर्गातील मुलाच्या बाबतीत १,०४० तासांची आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाच्या बाबतीत ८४० तासांची तफावत उरते. मधली सुट्टी व शाळेत जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर ती थोडी कमी होईल. पालकाचा स्वतःचा प्रवास धरला, तर ती पुन्हा वाढेल. शाळेचे वेळापत्रक कोणी घरी आहे असे गृहीत धरून आखलेले असते आणि नोकरीचे वेळापत्रक घरी दुसरे कोणी आहे असे गृहीत धरून, हाच या आकड्यांचा अर्थ आहे.

ही तफावत पूर्वीही होती. एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, चाळीत शेजार आणि पुढे पाळणाघर व शिकवणीचे वर्ग ती भरून काढीत असत. घरून काम सुरू झाल्यावर ती नाहीशी झाली असे वाटते. वस्तुतः ती नाहीशी होत नाही, दृष्टीआड होते. दुपारी साडेबाराला शाळेतून परतलेल्या मुलाचा पुढचा अर्धा दिवस आणि पालकाच्या कामाचा अर्धा दिवस एकाच घरात, एकाच वेळी चालतो. घरून काम केल्याने प्रवासाचा वेळ वाचतो, ही त्याची खरी आणि मोठी देणगी आहे. परंतु एका तासात दोन तासांची कामे बसविण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

आंतरराष्ट्रीय ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियातील सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. शाळकरी मुलाच्या दिवसातील गृहपाठ, जेवण आणि झोपण्यापूर्वीच्या गप्पा याच वेळेत येतात. त्यातही अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केली जातात. आपल्याकडे वार्षिक परीक्षेची तयारी सुरू असते, तेव्हा बैठक एक तास अलीकडे येऊन अभ्यासाच्या वेळेवर बसते. दिवाळीच्या सुमारास ती एक तास पुढे सरकते आणि जेवणाच्या वेळेवर येते. पुण्यातील एखाद्या घरातील ताट वाढण्याची वेळ दूरच्या देशातील घड्याळ ठरविते, हे जागतिकीकरणाचे अत्यंत घरगुती रूप होय.

दिवसाच्या दुसऱ्या टोकाला शाळेची वेळ असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. मुलांची पुरेशी झोप हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. मात्र रात्री उशिरापर्यंत बैठकीत असणाऱ्या पालकाला यामुळे सकाळी थोडी उसंत मिळते, तर सकाळी नऊलाच कामावर हजर व्हावे लागणाऱ्या पालकाची मुलाला शाळेत सोडण्याच्या वेळी तारांबळ उडते. एकच निर्णय दोन घरांत दोन परिणाम घडवितो, याचे हे उदाहरण आहे.

५. शालेय वयाच्या गरजा

तान्ह्या बाळाला सतत कोणीतरी लागते, हे सर्वांना मान्य असते. शाळेत जाणारे मूल मात्र ‘आता मोठे झाले’ असे मानले जाते आणि त्याच्या गरजा कमी लेखल्या जातात. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासावस्थांत सुमारे सहा ते बारा या वयाची अवस्था उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड या द्वंद्वाची मानली आहे. या वयातील मूल काहीतरी करून दाखविण्यासाठी धडपडत असते. त्याने केलेले कोणीतरी पाहावे, त्याची दखल घ्यावी, ही त्याची गरज असते. दखल घेतली गेली तर आत्मविश्वास वाढतो, वारंवार दुर्लक्ष झाले तर आपण कमी आहोत ही भावना मूळ धरते.

शाळेतून आल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे या दृष्टीने महत्त्वाची असतात. वर्गात काय झाले, कोणाशी भांडण झाले, बाई काय म्हणाल्या, हे सर्व मुलाला त्याच वेळी सांगावयाचे असते. रात्री विचारल्यास ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. घरी असलेल्या पालकाला कानाला यंत्र लावलेल्या स्थितीत पाहणाऱ्या मुलाची अवस्था चमत्कारिक असते. पालक घरी नसेल तर मूल वाट पाहते. पालक घरी असूनही बोलत नसेल, तर आपले सांगणे महत्त्वाचे नाही असा अर्थ ते काढू शकते.

वयानुसार गरजेचे स्वरूप बदलते. पहिली-दुसरीतील मुलाला जेवण, स्वच्छता व अभ्यास यांसाठी प्रत्यक्ष मदत लागते. तिसरी ते पाचवीतील मूल स्वतः बरेच करू शकते, परंतु ते वारंवार येऊन विचारते. सहावीनंतर व्यत्यय कमी होतो आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमक्या याच वयात मूल भ्रमणध्वनीच्या पडद्यामागे शांत बसलेले असते. कामाच्या वेळी मुलाने शांत राहावे म्हणून दिलेले यंत्र आणि नंतर त्या यंत्रावरूनच होणारा वाद, ही साखळी अनेक घरांत ओळखीची आहे. तेव्हा शांतता हा संगोपनाच्या यशाचा निकष मानता येत नाही.

६. विरघळलेली सीमा

समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना निपर्ट-एंग यांनी १९९६ च्या आपल्या ‘होम अँड वर्क’ या ग्रंथात माणसे घर व काम यांच्यातील सीमा कशा आखतात याचा अभ्यास केला. काहींना दोन्ही क्षेत्रे काटेकोर वेगळी हवी असतात, तर काही ती सहज मिसळू देतात. स्यू कॅम्पबेल क्लार्क यांनी २००० मध्ये कार्य-कुटुंब सीमा सिद्धांत मांडला. त्यानुसार माणूस या दोन प्रदेशांत रोज ये-जा करणारा प्रवासी असतो. कचेरीतून घरी येताना बस वा लोकलमधील वेळ हा या दृष्टीने केवळ वाया गेलेला वेळ नव्हता. त्या वेळात अधिकारी उतरत असे आणि आई किंवा वडील चढत असत. घरून काम करणाऱ्याला हे संक्रमण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याच्या चार पावलांत करावे लागते.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर अवधानाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो. अहवाल अर्धवट ठेवून मुलाचे गणित पाहणारा पालक चिडचिड करतो, ती मुलावर नसून त्या अडकलेल्या अवधानाची असते. मुलाला मात्र फक्त चिडचिड दिसते.

१० मार्च २०१७ रोजी दक्षिण कोरियातील पुसान राष्ट्रीय विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट केली हे घरातून बीबीसीला थेट मुलाखत देत असताना त्यांची दोन लहान मुले खोलीत शिरली आणि त्यांच्या पत्नीने धावत येऊन मुलांना बाहेर नेले. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली व तिचे हसून स्वागत झाले. तिच्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. घरातील कामाची सीमा एका न लावलेल्या कडीवर अवलंबून असते आणि ती सीमा राखण्यासाठी पडद्याबाहेर दुसरे कोणीतरी राबत असते. त्या मातेला अनेक प्रेक्षकांनी मुले सांभाळणारी बाई समजले, हा तपशील पुढील मुद्द्याकडे नेतो.

७. भार कोणावर?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २९९ व ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांची नऊ. म्हणजे मधली दरी २०२ मिनिटांवरून २०१ वर आली. या पाच वर्षांच्या मध्यात टाळेबंदीचा काळ येतो. त्या काळात असंख्य पुरुष प्रथमच दिवसभर घरात होते. घरात असण्याने घरकामातील वाटा आपोआप वाढतो, असे या आकड्यांवरून तरी दिसत नाही. १५ ते ५९ वयोगटात घरातील व्यक्तींची काळजी घेण्याच्या कामात ४१ टक्के स्त्रिया व २१.४ टक्के पुरुष सहभागी होते. त्यांचा वेळ अनुक्रमे १४० व ७४ मिनिटे होता.

आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८९ च्या ग्रंथात नोकरदार स्त्रीच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटले. पहिली पाळी संपल्यावर दुसरी सुरू होते, असे त्यात अभिप्रेत होते. घरून काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या दोन पाळ्या एकामागून एक येत नाहीत, त्या एकाच वेळी चालतात. पती घरून काम करीत असेल तर ‘बाबा कामात आहेत, आवाज करू नका’ असे मुलांना सांगितले जाते. पत्नी घरून काम करीत असेल तर ‘आई घरीच आहे, तिला विचार’ असे सांगितले जाते. या दोन वाक्यांतच आपली श्रमविभागणी सामावलेली आहे.

नियमही हीच समजूत दृढ करतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बाल संगोपन रजा मंजूर केली. हा निर्णय निश्चितच उपकारक आहे. परंतु पुरुष कर्मचाऱ्याला ती केवळ अपवादात्मक परिस्थितीतच देय ठरविली गेली. संगोपन हे मुळात मातेचे काम, हे गृहीतक अशा रीतीने उपकाराच्या रूपानेही टिकून राहते.

८. जागेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३७.१ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. घरून काम या कल्पनेत गृहीत धरलेली स्वतंत्र खोली, टेबल व बंद होणारे दार ही सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट नाही. चीनमधील सीट्रिप या प्रवास-कंपनीत निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुरू केलेला नऊ महिन्यांचा प्रयोग या विषयात नेहमी उद्धृत केला जातो. त्यात घरून काम करणाऱ्यांची कार्यक्षमता १३ टक्क्यांनी वाढली. परंतु त्या प्रयोगात भाग घेण्यासाठी कामाच्या वेळेत स्वतंत्र वापरता येईल अशी खोली असणे, ही अट होती. शिवाय प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच सुमारे निम्मे कर्मचारी कार्यालयात परतले. एकाकीपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. घरून काम करणाऱ्यांना त्यांच्या कामगिरीच्या तुलनेत पदोन्नतीही कमी मिळाली. याच कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यास नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि पदोन्नतीवर परिणाम झाला नाही, असे दिसून आले. पूर्णवेळ घरी राहण्यापेक्षा मर्यादित व निश्चित स्वरूपाची मिश्र पद्धती अधिक हितावह ठरण्याची शक्यता यातून सूचित होते.

९. कायदेशीर तरतुदी

मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे केली. कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम देता येईल अशी तरतूद केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या तरतुदी समाविष्ट आहेत. त्यांचा रोख मात्र तान्ह्या मुलांवर आहे. सहा वर्षांनंतरच्या मुलाचा पालक कायद्याच्या नजरेत पुन्हा निरपत्य कर्मचाऱ्यासारखाच होतो.

कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मान्य केला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये या आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. शालेय पाल्यांच्या दृष्टीने या हक्काचे महत्त्व प्रसूती रजेइतकेच आहे, कारण मुलाच्या वाट्याची वेळ सायंकाळची असते आणि नेमकी तीच आज सर्वांत असुरक्षित आहे.

१०. उपाययोजना

अ) पालकांच्या पातळीवर : दोघेही पालक घरून काम करीत असल्यास आठवड्याचे वेळापत्रक रविवारी एकत्र बसून आखावे व प्रत्येक तासाला मुलाची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट ठरवावे. मूल शाळेतून येण्याच्या वेळी किमान वीस मिनिटे एका पालकाने यंत्र बंद ठेवून त्याच्यासाठी राखावीत. केव्हा अडवावे व केव्हा थांबावे, याची साधी खूण, जसे दाराला अडकविलेली लाल-हिरवी पाटी, मुलाशी बोलून निश्चित करावी. हिरवी पाटी दिवसातून अनेकदा दिसली, तरच मूल लाल पाटीचा मान राखते.

आ) नियोक्त्यांच्या पातळीवर : बैठकांच्या वेळा आठवडाभर आधी कळवाव्यात. सायंकाळच्या बैठका सर्वांवर आळीपाळीने सोपवाव्यात. मूल्यमापन पडद्यावरील हजेरीवरून न करता पूर्ण झालेल्या कामावरून करावे. संगोपनासाठीच्या सवलती माता व पिता दोघांनाही खुल्या ठेवाव्यात. केवळ मातांना दिलेली सवलत पुढे त्यांच्याच पदोन्नतीच्या आड येते.

इ) शाळांच्या पातळीवर : पालकसभा, प्रकल्प व अचानकच्या सुट्ट्या यांची सूचना वेळेवर द्यावी. ‘उद्या येताना आणावे’ अशी रात्री नऊला येणारी सूचना पालकाच्या घरी कोणीतरी मोकळे आहे असे गृहीत धरते. पालकगटात केवळ मातांचे क्रमांक न घेता दोघांचेही घ्यावेत. शाळेचे मैदान व ग्रंथालय शाळा सुटल्यावर दोन तास खुले ठेवता आले, तर वेळेच्या तफावतीचा मोठा भाग भरून निघेल.

ई) महाविद्यालयांच्या पातळीवर : सुट्टीच्या दिवशी व रात्री माहिती मागविण्याची प्रथा प्राचार्य व समन्वयकांनी जाणीवपूर्वक टाळावी. तासिकांचे वेळापत्रक आखताना शालेय पाल्य असलेल्या अध्यापकांचा, स्त्री-पुरुष असा भेद न करता, विचार व्हावा.

११. निष्कर्ष

१) घरून काम केल्याने शाळा व नोकरी यांच्या वेळेतील तफावत मिटत नाही, ती घरात येऊन अदृश्य होते.
२) पालकाचे सान्निध्य म्हणजे उपलब्धता नव्हे. शालेय वयातील मुलाला थोड्या, परंतु निश्चित व अखंड उपलब्धतेची गरज असते.
३) घरात पुरुष उपस्थित असण्याने श्रमविभागणी बदलत नाही. ती जाणीवपूर्वक बदलावी लागते.
४) स्वतंत्र जागा नसलेल्या कुटुंबांना घरून कामाचे लाभ मर्यादित प्रमाणातच मिळतात.
५) विद्यमान कायदे तान्ह्या मुलांच्या मातांचा विचार करतात. शालेय मुलांच्या पालकांचा विचार त्यांत अद्याप झालेला नाही.

१२. समारोप

घरून काम ही पद्धती स्वतः चांगली किंवा वाईट नाही. प्रवासाचे दोन तास वाचवून ते मुलाच्या हाती देणारी घरे आहेत, तसेच ते दोन तासही कामालाच वाहून टाकणारी घरे आहेत. फरक तंत्रज्ञानात नसून वाटपात आहे. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हा या विषयाचा खरा गाभा आहे. गिरणीचा भोंगा काळाच्या ओघात थांबला. त्याच्या जागी दुसरा भोंगा कोणी वाजविणार नाही. काम येथे थांबते, हे आता प्रत्येक घराला, प्रत्येक कार्यालयाला आणि प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःच ठरवावे लागेल. दाराशी येऊन थांबलेले मूल फार काळ मूल राहत नाही. काही वर्षांनी ते दाराशी येईनासे होते आणि तेव्हा आपल्याला सवड मिळालेली असते.